हलक्या पायाचा मिस्त्री

ब्रेक बघायचा असला की मिस्त्री आधी उजव्या पायातली चप्पल काढायचे. मग खांद्यावरचं फडकं ओलं करून तळपाय पुसायचे, टाचेपासून बोटांपर्यंत, जेवणाआधी हात धुवावेत तसा. मगच गाडीत बसायचे. बॉनेट उघडायचं नाही, जॅक लावायचा नाही, इंजिन बंद. डोळे मिटून पाय पेडलवर ठेवायचे आणि तेलुगूत मोजायला लागायचे. ओकटी, रेंडु, मूडु. घरची भाषा मराठी, पण हे काम ते ज्या उस्तादाकडं शिकले तो तेलुगू होता. त्यामुळं शिव्या मराठीत, लॉरीवाल्यांशी बोलणं हिंदीत आणि मोजणी तेलुगूत, अशी वाटणी आयुष्यभर राहिली.

त्यांचं मोजणं चालू असताना मालकानं बोलायचं नाही. कुणी "मिस्तरी, एकदम ब्रेक फेल झाला" असं म्हणालं की डोळे न उघडताच उत्तर यायचं, "एकदम नाई होत तो. महिनाभर सांगून राह्यला असंल तुले. तुवा आयकलं नाई."

या माणसाबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात आहे. लिहायला बसलं की आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, म्हणून टाळत आलो. आता टाळत नाही.

आदिलाबाद शहर संपून मोठ्या रस्त्याला लागण्याआधी त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. शेडमध्ये एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत तार बांधलेली आणि तिच्यावर पांढऱ्या सुती कापडाच्या चिंध्या वाळत घातल्यासारख्या लटकवलेल्या. प्रत्येक चिंधी कुठल्या ना कुठल्या गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेली. मधासारख्या रंगापासून डांबरासारख्या रंगापर्यंत. गाडी आली की नवी चिंधी बुडवून ते ती तारेवरच्या चिंध्यांशेजारी धरायचे आणि मालकाला म्हणायचे, "तूच सांग, तुही कोनाच्या बाजूला लटकवू?" मालक ओशाळून एखाद्या काळपट चिंधीकडं बोट दाखवायचा. ऑइल बदलायचं ठरायचं. मिस्त्रींना एक शब्द जास्त बोलावा लागायचा नाही.

त्यांच्या स्कूटरला हॉर्न नव्हता. होता, तो त्यांनीच काढून टाकला होता. "ज्याचा ब्रेक चांगला त्याले हॉर्न कायले?" हे त्यांचं म्हणणं. बाजारातून जाताना ते तोंडानं "बाजू, बाजू, माय बाजू" असं ओरडत जायचे. पोरं त्यांच्यामागं तसंच ओरडायची. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

उटनूरच्या बाजूला सवाऱ्या नेणारा एक जीपवाला एकदा कातावून आला होता. मी तेव्हा शेडमध्येच बसलो होतो. त्याचं पेडल मऊ लागायचं. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली म्हणून त्यानं तीन ठिकाणी ती काढून घेतली होती, तरी पेडल मऊ ते मऊच. मिस्त्रींनी त्याला पेडलवर बसवलं आणि स्वतः पुढच्या चाकामागं आडवे होऊन ब्रेकची रबरी नळी मुठीत धरली.

"दाब. सोड. दाब. अबे, हळू दाब, साप मारून राह्यला का?"

मग हसले आणि मला हाक मारली. "ये, धर. पाह्य."

मी धरली. जीपवाला दाबायचा तेव्हा नळी माझ्या मुठीत फुगायची, सोडला की बसायची.

"याच्या पायाचा जोर चाकापर्यंत जाऊनच नाई राह्यला. वाटेतच ही खाऊन राह्यली." मग जीपवाल्याला म्हणाले, "पेडल मऊ लागनं म्हंजे ताप हाय. ताप कायचा हाय ते पाह्याचं. तिघांनीबी तुले एकच गोळी देल्ली."

मऊ पेडलचे प्रकार त्यांनी मला इतक्यांदा समजावले होते, की दुकानात पातेली लावतानाही मला ते आठवायचे. पाय स्पंजावर ठेवल्यासारखा लागला तर नळ्यांत हवा आहे. दोन-तीनदा मारल्यावर पेडल वर आलं तर बहुधा मागचे ड्रम ढिले आहेत. पाय ठेवून धरला आणि पेडल हळूहळू जमिनीकडं जायला लागलं, तर मास्टर सिलिंडर गेलं. म्हणजे पायाचा जोर जिथं तेलाच्या दाबात बदलतो, त्या भागातली रबरी वायसर झिजली. या शेवटच्या दुखण्यात बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. जे गळायचं ते आतल्या आत गळतं. आणि ते ओळखायला पाय हलका लागतो.

"जोरानं मारला ना, का ती वायसर फुगून भिंतीले चिकटते अन् म्हनते, मले काय झालं? मी बरी हाय. हलका पाय ठेव. हलक्या पायाले तिले खोटं सांगता येत नाई."

म्हणून चप्पल काढायची, म्हणून पाय पुसायचा, म्हणून तीसपर्यंत मोजायचं.

पण गावात ते प्रसिद्ध होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ब्रेकचं काम झालं की गाडीची पहिली फेरी ते बायकोला शेजारी बसवून मारायचे. शेडमागंच घर होतं. ते हाक मारायचे, आतून आवाज यायचा, "आज कोनाच्या गाडीत मराचं हाय वो?" आणि काकू पिशवी घेऊन बाहेर यायच्या. पुढच्या सीटवर बसायच्या, दोघं भाजीबाजारात जायचे, वांगी-मेथी घेऊन परत यायचे. मग किल्ली मालकाच्या हातात. "माही बायको जिच्यात बसून भाजीले गेली नाई, ती गाडी मी कोनालेच देत नाई."

एका बड्या ठेकेदारानं आपल्या सीटवर मेथीची पानं सापडल्याची तक्रार केली होती. काकूंनीच त्याला उत्तर दिलं. "चाळीस वर्सं झाले, याईनं मले एकडाव सिनेमाले नाई नेलं. पन आदिलाबादातल्या साऱ्या गाड्यात बसवलं. तुमची काय सोन्याची हाय?"

आता माझ्या गाडीबद्दल.

माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गाडीही त्यांच्याच काळातली, पांढरी. सहा-सात वर्षांपूर्वी मी नवी घ्यायचं ठरवलं आणि जुनी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला द्यायची बोलणी झाली. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्यालाही जावईच म्हणतात. नेरडीगोंड्याजवळच्या गावात त्यांची कापूस-ज्वारीची शेती. घरात पहिलीच चारचाकी येणार, म्हणून बहीण हरखून गेली होती. त्याच सुमारास एका बुधवारी जावयांच्या पुतण्याचा साखरपुडा होता, इंद्रवेल्लीच्या पुढं. रस्ता जंगलातून वळणं घेत उतरतो. जावई, बहीण, जावयांची म्हातारी आई आणि भाची, सगळे स्वतःच्या गाडीनं जाणार असं त्यांनी साऱ्या भावकीत सांगून ठेवलं होतं. आणि मी महिनाभर त्यांना सांगत होतो, "जवाईबुवा, गाडीले दुरुस्तीचा हात लावाचं काम नाई."

त्याआधीच्या शनिवारी रेल्वे फाटक बंद होतं म्हणून मी रांगेत थांबलो होतो. पाय ब्रेकवर. सवयीनं हलकाच ठेवलेला. बसल्या बसल्या जाणवलं, की पेडल पायाखालून खाली चाललं आहे. गाडी आपोआप पुढं सरकली आणि समोरच्या केळ्यांच्या हातगाडीला लागली. केळीवाला ओरडला, चार लोक हसले. मी सरळ मिस्त्रींकडं गेलो.

त्यांनी चप्पल काढली, पाय पुसला, बसले. ओकटी, रेंडु. अकरापर्यंतच मोजलं.

"मास्टर गेलं," ते म्हणाले. "गाडी इथीच ठेव. नागपूरहून सामान बोलवतो. सोमवारी येते."

"उद्या जवाई येनार हायेत. बुधवारी त्याईच्या पुतन्याचा साखरपुडा हाय."

"घेऊन जानार?"

"नाई नाई. नुसती पाह्याले. सोमवारी सकाळी मी घेऊन येतो."

किल्ली त्यांच्या हातात होती. ती ते बोटांत फिरवत राहिले, माझ्याकडं बघत. मी केळीवाल्याची गोष्ट सांगून हसवायचा प्रयत्न केला. त्यांनी नुसती मान हलवली. शेवटी त्यांनी किल्ली दिली. "हळू जा. दोनदा दाब, जोरानं दाब, घरापर्यंत धरंल. पन दुसरीकडं कुठी नेऊ नको."

रविवारी जावई गाडी घेऊन जाणारच होते. ते मला ठाऊक होतं.

मी असं का केलं, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा दिली आहेत. बुधवारचा त्यांचा मान जाऊ नये, हे एक. सामान वेळेवर आलं नाही तर, हे दुसरं. पण खरं कारण लहान आणि घाण आहे. महिनाभर जिचं कौतुक केलं, तिचा ब्रेकच गेला, असं बहिणीच्या नवऱ्याला सांगायची मला लाज वाटली. आणि दुरुस्ती पुढंमागं त्यांच्या गळ्यात पडली तर पडू दे, असंही मनात एका कोपऱ्यात होतं.

रविवारी जावयांनी गल्लीत एक चक्कर मारली. परत आल्यावर खिडकीतून म्हणाले, "दादा, हे पेडल खाली जाऊन राह्यलं ना."

मी म्हणालो, "जुनी गाडी हाय जवाईबुवा. हिचा ब्रेक दोनदा दाबाचा. जोरानं. सवय होते."

त्यांनी दाबून बघितला. "हव, धरते."

घरापर्यंत सुखरूप पोचावं म्हणून मिस्त्रींनी मला जे सांगितलं होतं, ते मी गाडी खपवायला वापरलं. बहिणीनं चाकांपुढं नारळ फोडला, मला वाकून नमस्कार केला आणि गाडी गेली. त्या रात्री आणि सोमवारी सकाळी फोन वाजला की मी आधी नाव बघून मगच उचलायचो. तरी मी स्वतःहून एकही फोन केला नाही.

सोमवारी दुपारी काकू दुकानात आल्या. "सामान आलं. हे सकाळपासून वाट पाहून राह्यले तुमची. मी पिशवी घेऊन बसली हाय. गाडी कुठी हाय?"

"बहिणीकडं गेली," मी म्हणालो.

काकूंनी समोर ठेवलेलं झाकण उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि गेल्या.

अर्ध्या तासात मिस्त्री दुकानापुढं उभे होते. ते कधी बाजारात येऊन कुणाच्या दुकानात बसत नसत. आले, स्टुलावर बसले. मला वाटलं आता ओरडतील. गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत थांबले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "पेडल खाली जाते, असं जवाई म्हनले असतीन ना?"

"हव."

"मंग तू काय म्हनला?"

मी गल्ल्यातली चिल्लर लावायला लागलो. ते थांबले. नजर हटवली नाही. शेवटी मीच म्हणालो, "दोनदा दाबा म्हनलो. जोरानं."

त्यांनी मान हलवली, केळीवाल्याच्या गोष्टीला हलवली होती तशीच. "चाल," म्हणाले. "बुधवार परवा हाय."

त्या दुपारी आम्ही दोघं त्यांच्या बिनहॉर्नच्या स्कूटरवरून हायवेनं नेरडीगोंड्याकडं गेलो. माझ्या मांडीवर नव्या मास्टर सिलिंडरचा खोका आणि ब्रेक ऑइलची बाटली. मोठमोठ्या लॉरींच्या शेजारून जाताना मिस्त्री "बाजू, बाजू" ओरडत होते आणि एकाही लॉरीला ते ऐकू जात नव्हतं. वाटेत मी दोनदा म्हणालो, "मिस्तरी, तिथं गेल्यावर मी काय सांगू?" दोन्ही वेळा त्यांनी वाऱ्यात ऐकू आलं नाही असं केलं. किंवा खरंच ऐकू आलं नसेल.

गाडी अंगणात उभी होती. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला लिंबू-मिरची. जावयांची म्हातारी आई पुढच्या सीटवर बसून शेजारणीला काच खाली-वर करून दाखवत होती. बहीण धावत आली, "दादा! असा अचानक?"

मी तोंड उघडलं. शब्द निघायच्या आत मिस्त्री पुढं झाले आणि जावयांना म्हणाले, "भाऊ, माह्या हातून चूक झाली. हिचं मास्टर बदलाचं होतं. मले मालूम होतं. मी गाडी जाऊ देल्ली."

जावयांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी आधी आईला हाताला धरून गाडीतून उतरवलं. मग जे बोलले ते मी पूर्ण लिहू शकत नाही. "मालूम होतं अन् जाऊ देल्ली? माही माय बसनार होती यात! माही पोरगी! चार मानसं त्या उतारावरून खाली गेले असते, मंग आले असते का तुमी सामान घेऊन? इसरले म्हना ना सरळ. वय झालं, डोकं चालत नाई, तं दुकान बंद करा!"

"खरं हाय," मिस्त्री म्हणाले. मान खाली. "तुमचं बराबर हाय."

मी खोका हातात घेऊन उभा होतो. बहिणीनं माझ्याकडं बघितलं, बिचाऱ्या दादाला किती धक्का बसला असेल अशा नजरेनं. मी खोक्याची चिकटपट्टी सोलायला लागलो.

त्यांनी अंगणातच पोतं अंथरून काम केलं. जुनं मास्टर काढलं, नवं बसवलं. हवा काढायला बहिणीला पेडलवर बसवलं. "दाब माय. धरून ठेव. सोड." मागच्या चाकापाशी बाटलीतली नळी धरून मी बसलो होतो. नळीतून बुडबुडे येत होते, आधी मोठे, मग बारीक, मग नुसतं स्वच्छ तेल. चारही चाकं झाली. मिस्त्रींनी पाय पुसला, बसले, तीसपर्यंत मोजलं, पुढं पन्नासपर्यंत मोजलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बस. बायको नाई इथी. तूच बस."

गावाबाहेरच्या उतारावर त्यांनी गाडी तीनदा उतरवली आणि तीनदा थांबवली. तिसऱ्यांदा थांबल्यावर मी रडत होतो. "मिस्तरी, माह्यासाठी तुमी खोटं काऊन बोलले?"

ते खरोखरच गोंधळले. "खोटं काय बोललो? किल्ली माह्या हातात होती. पेडल अकराव्या मोजनीले खाली गेलं हे मी पाह्यलं होतं. अन् तू खोटं बोलून राह्यला हेबी मले दिसत होतं. तरी मी किल्ली देल्ली. ते माहं हाय. मी माहं सांगतलं." गाडी पुन्हा सुरू केली. "तुवं तू सांग. आज सांग का दहा वर्सानं सांग. मी नाई सांगनार."

मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधवारी सगळे साखरपुड्याला गेले आणि नीट परत आले. बहिणीचा फोन आला, "दादा, गाडी एकदम मस्त थांबते." मग तर सांगायची गरजच उरली नाही, असं मी मनाला पटवलं.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. जावई मोकळ्या स्वभावाचे. चार लोकांत बसले की हा किस्सा सांगायचे. आदिलाबादचा एक म्हातारा मिस्त्री ब्रेक लावायचाच विसरतो. कापसाच्या दिवसांत त्या बाजूच्या पिकअप गाड्या मिस्त्रींकडं यायच्या, त्या हळूहळू दुसरीकडं जायला लागल्या. मी शेडवरून जाताना बघायचो. तारेवरच्या चिंध्या महिनोन् महिने त्याच असायच्या. मी चहाला थांबायचो तेव्हा मिस्त्री या विषयावर कधी बोलले नाहीत. माझ्या नव्या गाडीचा ब्रेक त्याच निगुतीनं बघायचे, काकू त्याच तोऱ्यात तिच्यात बसायच्या. तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी शेड मोडलं आणि दोघं बेल्लमपल्लीला मुलाकडं गेले. मुलगा कोळशाच्या खाणीत आहे, क्वार्टर आहे. निरोप घ्यायला मी गेलो तेव्हा काकूंच्या हातात चार स्टीलचे डबे दिले. माझ्याकडून एवढंच झालं.

यंदा कापूस घरी आल्यावर बहिणीनं शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं होतं. ओसरीवर बसलेल्या एकानं विचारलं, पिकअपचं पेडल मऊ लागतं, आदिलाबादात कोण चांगला आहे? जावई हसले. "कोनाकडंबी ने. फक्त त्या म्हाताऱ्याकडं नको. तो आता गेला म्हना बेल्लमपल्लीले. तिकडं खानीत ब्रेक लावाले इसरत असंल!"

सगळे हसले. मीही हसलो. सवयीनं. आणि स्वतःचा तो हसण्याचा आवाज मला ऐकू आला.

"तो इसरला नव्हता," मी म्हणालो. "इसरला नव्हता जवाईबुवा. त्यानं मले शनिवारीच सांगतलं होतं. मी तुमाले गाडी तशीच देल्ली."

जावयांच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "म्हंजे ते दोनदा दाबाचं..."

"हव."

"तुमी मले शिकवलं दादा. माह्या मायले घेऊन मी त्या उतारावरून जानार होतो, अन् तुमी मले दोनदा दाबाचं शिकवलं."

मी होय म्हणालो. ते उठून अंगणात गेले. पाहुणे एकेक करून निघाले. मला वाटलं बहीण आता मला जा म्हणेल. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत राग होता, पण ती बोलली ते भलतंच.

"दुपारभर उन्हात काम केलं त्यानं आपल्या अंगनात. मी इतकी रागात होती, की त्या मानसाले प्याले पानीबी नाई देल्लं."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं बसनं बेल्लमपल्लीला गेलो. जावई माझ्यापासून दोन सीट दूर बसले. बहिणीनं डब्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि शेतातली वांगी घेतली होती. क्वार्टर शोधायला वेळ लागला, सगळी सारखीच. दार काकूंनी उघडलं. आमच्या तिघांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आत वळून ओरडल्या, "वो, आयकलं का? सांगतलं वाटते यानं!"

मिस्त्री खाटेवर होते. बरेच थकलेत, कानांनी कमी ऐकू येतं. जावई त्यांच्या पायाशी वाकले तर त्यांनी पाय वर ओढून घेतला. जावई मोठ्यानं म्हणाले, "मिस्तरी, मी तुमाले नाई नाई ते बोललो. गावभर बोललो. मले मालूम नव्हतं."

"बराबर बोलले तुमी," मिस्त्री म्हणाले. "किल्ली मी देल्ली होती."

मला राहवलं नाही. "मिस्तरी, आता तरी असं बोलू नका. सारी चूक माही हाय."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं, शेडमध्ये किल्ली फिरवत बघितलं होतं त्याहून कितीतरी मऊ नजरेनं. "तुही तुही हाय, माही माही हाय," म्हणाले. "एकात एक कायले मिसळवतं? तुही तुवा सांगतली, बस झालं. लय दिवस घेतले मात्र बाप्पा."

बहिणीनं डबा उघडला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी संपवला. काकू म्हणाल्या, अशी भाकरी सुनेला जमत नाही. मग बहीण आणि काकू आत जाऊन बराच वेळ बोलत बसल्या. जावई मिस्त्रींजवळ सरकून बसले आणि पिकअपच्या मऊ पेडलबद्दल विचारायला लागले. मिस्त्री त्यांना सांगत होते, आधी पाय हलका ठेवून बघायला सांगा, मग हवा, मग नळ्या. जावई हातावर लिहून घेत होते.

मी दारात उभा होतो. मला या माणसानं दोनदा वाचवलं, हे मला तेव्हा नीट मोजता आलं. एकदा, माझ्या हातून चार माणसं मरण्यापासून. आणि दुसऱ्यांदा, माझी चूक सांगायचं माझ्यावरच सोपवून. त्यांनी ती झाकली असती तर मी आयुष्यभर झाकून ठेवली असती. उघडी केली असती तर मी त्यांच्यावर चिडून सुटलो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही. थांबले. त्यांच्या थांबण्याची किंमत त्यांच्या कामानं दिली, आणि ती मी परत देऊ शकणार नाही.

परतीच्या बसमध्येही जावई माझ्याशी बोलले नाहीत. नेरडीगोंड्याला उतरेपर्यंत दिवस कलला होता. मी आदिलाबादच्या बसची वाट बघत फाट्यावरच थांबलो. बहीण म्हणाली, "जेवून जाय." मी जावयांकडं बघितलं. ते रस्त्याकडं बघत होते.

"त्याईले उशीर होत असंल," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "नसंल होत तं येऊ दे."

घरी आम्ही तिघं जेवायला बसलो. माझ्या ताटातली भाकरी संपली तेव्हा बहीण चुलीपाशी होती. जावयांनी वर न बघता आपल्याजवळची टोपली माझ्याकडं सरकवली.